सपाट रस्त्यावर साठ किलोमीटर

भाऊंनी बॅटरीची सायकल घेतली ती कंटाळा आला म्हणून. लोक हौस म्हणून घेतात, तब्येतीसाठी घेतात, काही जण तर हवा स्वच्छ राहावी म्हणूनही घेतात म्हणे. भाऊंना हवेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना अकाउंटंटचा कंटाळा आला होता.

भाऊ एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. साहेबांनी हवेत बांधलेलं घर कागदावर उतरवायचं, संडासाचं दार बेसिनवर आपटत नाही ना हे बघायचं, आणि जिना जिथे संपतो तिथे खरोखरच मजला आहे ना याची खात्री करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला माणूस. दिवसभर मान खाली घालून रेघा मारायच्या, त्यामुळे जाता-येता तरी डोक्याला शांतता हवी, एवढीच अपेक्षा. त्याच कचेरीतले अकाउंटंट भाऊंच्या मागच्या गल्लीत राहायचे आणि त्यांच्याकडे गाडी होती. ते भाऊंना सकाळी न्यायचे, संध्याकाळी आणून सोडायचे. पेट्रोलचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्याऐवजी बोलायचे.

विषय एकच, त्यांचा जावई. जावई उशिरा उठतो. जावई चहात साखर घालतो आणि ढवळत नाही. जावयाने न विचारता पडदे बदलले, आणि बदलून काय रंग आणला, तर राखाडी. भाऊ त्या जावयाला एकदाही भेटले नव्हते, पण रस्त्यात दिसला असता तर नुसत्या चालीवरून ओळखला असता. भाऊंनी सगळे उपाय करून पाहिले. झोपेचं सोंग घेतलं, तर अकाउंटंट आवाज चढवून बोलायला लागले. पेपर उघडला, तर पेपरातली प्रत्येक बातमी फिरून जावयापाशी येऊ लागली. एकदा न राहवून भाऊ म्हणाले, "अहो, राखाडी रंग तसा मळखाऊ असतो." त्या दिवशी अकाउंटंटनी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, कारण भाऊंचा गैरसमज मुळापासून दूर करणं भाग होतं.

फुकट नेणाऱ्या माणसाच्या गाडीतून उतरायचं तर सबळ कारण लागतं. 'तुमचा जावई आता मला सोसवत नाही' हे कारण खरं असलं तरी तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून सायकल.

"अहो, तुम्ही शेवटची सायकल कधी चालवलीत?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणायची, आपणही तसंच म्हणू.

"सायकल विसरत नाही माणूस."

"माणूस नाही विसरत. गुडघे विसरतात."

"म्हणून तर बॅटरीची घेतोय. पाय नुसते ठेवायचे. एका चार्जमध्ये साठ किलोमीटर जाते, असं लिहिलंय."

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मागे कॅरियर आहे का?"

"आहे की."

"मग रविवारी ताईकडे जाता येईल आपल्याला."

ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या चढाच्या पलीकडे एकटीच राहायची. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं. तिकडे थेट बस जात नसे; दोन ठिकाणी बदलायची आणि वर चढ चालायचा. दर शनिवारी भाऊ म्हणायचे, उद्या जाऊ. दर रविवारी भाऊंची पाठ म्हणायची, आज नको. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर वहिनी उगीचच भांडी पुन्हा धुवायच्या.

"जाऊ की," भाऊ म्हणाले. त्या क्षणी त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सायकल घेतली ती सगळ्यात स्वस्त होती ती. ऑनलाइन मागवली. ती आली एका लांबलचक खोक्यातून, आणि खोक्यात सायकल नव्हतीच. सायकलीचे अवयव होते. खोकं जिन्यात आपटल्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनिअर लगेच वर आले. त्यांनी आयुष्यभर एका कारखान्यात बॉयलर सांभाळला होता, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते ती कधीही फुटेल अशाच नजरेने बघायचे.

"हात लावू नका," ते म्हणाले. "आधी माहितीपत्रक वाचा. मोठ्याने."

माहितीपत्रक मराठीत होतं. म्हणजे अक्षरं मराठी होती. भाऊंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. "अभिनंदन. तुम्ही आता स्वार झाला आहात. डावा हात तोडण्यासाठी आहे. उजवा हात तोडण्यासाठी आहे. उतारावर दोन्ही हात हळूहळू तोडा."

"ब्रेकबद्दल असेल," इंजिनिअर गंभीरपणे म्हणाले.

"खोगीर आपल्या नितंबांना समजावून बसवा. पावसात चार्ज होऊ नये. पाठीमागे माणूस भरू नये."

शेवटचं वाक्य भाऊंनी जरा हळू वाचलं. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात होत्या.

दुपार गेली. संध्याकाळ गेली. सायकल उभी राहिली तेव्हा दिवाणखान्याच्या फरशीवर चार नट, एक स्प्रिंग आणि एक काळी रबरी चकती उरली होती.

"कंपनी थोडं जास्तीचं देते," इंजिनिअर म्हणाले.

वहिनींनी चकती उचलून बघितली. "ब्रेकचं रबरही जास्तीचं देते का?"

पुन्हा सगळं सोडवलं. पुन्हा जुळवलं. या वेळी तीन नट उरले आणि ते कशाचे हे कुणालाच ठरवता येईना, तेव्हा इंजिनिअरनी ते एका डबीत घालून भाऊंच्या हातात दिले आणि म्हणाले, "जवळ ठेवा. चालवताना काय पडलं ते कळेल तरी."

दुसऱ्या दिवशी भाऊ सायकल खाली ठेवायला गेले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हे. बिल्डिंगमध्ये काही घडलं की आपल्याला आधी कळायला हवं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

"भाऊ, ही काय आहे?"

"सायकल."

"मग हे काय?" त्यांनी बॅटरीवर टिचकी मारली. "सायकलच्या स्टँडमध्ये मोटार असलेली वस्तू ठेवता येत नाही. नियम आहे."

"बरं, मग गाड्यांच्या रांगेत ठेवतो."

"गाडीला नंबर लागतो. तुमच्या गाडीचा नंबर?"

"हिला नंबर नसतो हो. हिला नंबर लागतच नाही."

"तसं लिहून आणा," सेक्रेटरी म्हणाले. "माझी काहीच हरकत नाही."

भाऊ अर्धी रजा टाकून परिवहन कार्यालयात गेले. तिथे तीन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीतल्या माणसाने त्यांना दुसरीकडे पाठवलं, दुसरीतल्याने जेवून यायला सांगितलं, आणि तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"या सायकलला नोंदणी लागत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच लिहून हवंय."

"लागत नाही, तर लिहून कसं देणार? नोंदणी असलेल्या गाडीची कागदपत्रं आम्ही देतो. तुमची गाडी आमच्याकडे नाहीच."

"ती तुमच्याकडे नाही, एवढंच लिहून द्या."

बाईंनी भाऊंकडे सहानुभूतीने बघितलं. "काका, जी गाडी आमच्याकडे नाही तिच्याबद्दल आम्ही काय म्हणून लिहावं?"

यात कुठे चूक आहे ते भाऊंना घरी येईपर्यंत सापडलं नाही. चूक नव्हतीच बहुतेक. त्यामुळे सायकल घरातच राहायला आली.

तिसऱ्या मजल्यावर ती वजनदार वस्तू रोज चढवायची म्हणजे लिफ्ट हवी, आणि लिफ्टमध्ये ती आडवी मावत नसे. मागच्या चाकावर उभी केली की मावायची. मात्र मग भाऊंना तिला मिठी मारून उभं राहावं लागे. मध्येच एखाद्या मजल्यावर दार उघडलं तर बघणाऱ्याला वाटायचं की भाऊ कुणाला तरी जड अंतःकरणाने निरोप देताहेत. लोक दार पुन्हा बंद होऊ द्यायचे. कुणी आत यायचं नाही.

बॅटरीचा प्रश्न आणखी वेगळा. ती सायकलीतून काढून चार्ज करायची होती, आणि ती कुठे ठेवून करावी याबद्दल प्रत्येकाकडे ठाम मत होतं. इंजिनिअर म्हणाले, पूर्ण भरू द्यायची नाही, पूर्ण संपूही द्यायची नाही, आणि तिच्याकडे पाठ करून बसायचं नाही. सेक्रेटरी म्हणाले, त्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आहे, त्यात एक बॅटरी फुटते आणि सोफा जळतो. तो व्हिडिओ त्यांनी भाऊंना दाखवला, वहिनींना दाखवला, आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही दाखवला, कारण आग वर जाते. वहिनी म्हणाल्या, "ती माझ्या झोपायच्या खोलीत येणार नाही." बाल्कनीत ऊन, न्हाणीघरात पाणी, स्वयंपाकघरात गॅस. शेवटी ती जेवणाच्या टेबलावर चार्ज होऊ लागली. भाऊ आणि वहिनी जेवायचे आणि मध्ये ती हिरवा दिवा मिचकावत बसायची, कधी जाणार ते न सांगता आलेल्या पाहुण्यासारखी.

अकाउंटंटना सांगणं भाऊंनी शेवटपर्यंत टाळलं. शेवटी गाडीतून उतरताना म्हणाले, "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. सायकल घेतलीय. उद्यापासून..."

"उद्यापासून येणार नाही?"

"नाही."

"बरं," अकाउंटंट म्हणाले. मग खाली उतरले, फडकं काढलं आणि गाडीची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

आता खरं ते सांगायला हवं. पहिली सकाळ फार छान गेली. भाऊंनी बटण दाबलं, आणि मागून कुणीतरी हलकेच पाठीवर हात ठेवून ढकलावं तशी सायकल निघाली. आवाज नाही, धूर नाही, घाम नाही. सिग्नलला थांबलं की शांतता. एका कोपऱ्यावर झाडांच्या सावल्यांमधून जाताना भाऊंच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत आपण या रस्त्याकडे बघितलंच नव्हतं. इथे एक घड्याळाचं दुकान आहे, एक शिंपी खिडकीत बसून शिवतो. वाटेतला तो मोठा चढही सायकल कण्हत का होईना चढली. ऑफिसात ते ताजेतवाने पोचले. साहेबांनी विचारलं, "भाऊ, आज काय विशेष?" भाऊ नुसते हसले. बॅटरीच्या सायकलीचे जे काही फायदे आहेत ते सगळे त्यांनी त्या एका सकाळी उपभोगले.

तोटे संध्याकाळी सुरू झाले.

हँडलवर एक छोटा पडदा होता आणि त्यात बॅटरी किती उरली ते सांगणाऱ्या चार कांड्या. निघताना चारही पेटलेल्या होत्या. येताना तो चढ पलीकडूनही तेवढाच होता, आणि त्याच्या पायथ्याशीही चारच होत्या. अर्ध्या चढावर भाऊंनी खाली बघितलं तर एक होती. मधल्या दोन कधी गेल्या, कुठून गेल्या, काही कळलं नाही. मग तीही मिचकावली आणि मावळली, आणि भाऊंच्या बुडाखाली एकाएकी एक लोखंडी कपाट आलं. सायकलीला पायडल होते. पण त्या पायडलांवर एवढी मोटार, एवढी बॅटरी आणि एवढे भाऊ ओढून न्यायचे म्हणजे थट्टा नव्हती.

ते उतरून ढकलत असताना मागून ओळखीचा हॉर्न वाजला. अकाउंटंट.

"भाऊ! काय झालं?"

"काही नाही. व्यायाम."

"मी थांबतो की बरोबर. एकटे कुठे जाणार?"

सायकल गाडीत मावणार नव्हती आणि भाऊ सायकल सोडणार नव्हते. मग अकाउंटंटनी गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवले, काच खाली केली आणि भाऊंच्या चालीने गाडी चालवायला लागले. त्या दिवशी सकाळपासून कुणीच ऐकायला नसल्यामुळे बरंच साठलं होतं. जावयाने कुत्रा आणायचं ठरवलं होतं. मागे गाड्यांची रांग लागली, लोक हॉर्न वाजवू लागले, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की कुणी मोठा माणूस साधेपणाने सायकल ढकलत चाललाय आणि मागे त्याचा ताफा आहे. कुत्र्याची जात भाऊंना घरापर्यंत पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक अतिशय गोड आवाज आला.

"सर, आपलं वजन सांगाल का?"

भाऊंनी सांगितलं. थोडं कमी करून सांगितलं.

"सर, साठ किलोमीटर हा आकडा आदर्श स्वारासाठी असतो."

"म्हणजे कसा?"

"पन्नास किलो, सर. सपाट रस्ता. वारा मागून."

"आणि माझ्यासारख्यासाठी?"

पलीकडे बराच वेळ बटणं दाबल्याचा आवाज आला. "सर, आपल्याला चढ टाळता येईल का?"

"तो चढ माझं घर आणि माझं ऑफिस यांच्या बरोबर मध्ये आहे, बाई."

"मग सर, ऑफिस..." आवाज थोडा अडखळला. "आपला दिवस चांगला जावो, सर."

कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, मी वायरला हात लावत नाही. त्याच्या शेजारचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, मी सायकलला हात लावत नाही. दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. भाऊ मधल्या भिंतीसमोर सायकल धरून काही वेळ उभे राहिले, मग घरी आले.

तरीही भाऊंनी हार मानली नसती. हार मानायला लावली ती रविवाराने. वहिनी सकाळीच तयार होऊन बसल्या होत्या. ताईला आवडतात म्हणून बिस्किटांचे पुडे आणि विणून ठेवलेली एक गुडघ्यावर घ्यायची शाल, अशी पिशवी भरलेली. माहितीपत्रकातलं ते वाक्य भाऊंना आठवत होतं, पण या चेहऱ्याला ते वाचून दाखवण्याची त्यांची हिंमत नव्हती. खाली आले. वहिनी मागे बसल्या. इंजिनिअर होते, सेक्रेटरी होते, रविवार असल्याने निम्मी बिल्डिंग होती. भाऊंनी बटण दाबलं. सायकल निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बिल्डिंगच्या फाटकापाशी रस्त्यावर चढायला जरासा उंचवटा आहे. उंचवटा म्हणजे काय, पाणी आत येऊ नये म्हणून केलेला सिमेंटचा उतार, मांजरही न थबकता ओलांडेल असा. सायकल त्यावर अर्धी चढली, थांबली, विचार केला, आणि शांतपणे मागे मागे येऊ लागली. भाऊ बटण दाबताहेत, मोटार रडतेय, आणि दोघं जण हळूहळू, सगळ्यांच्या देखत, बिल्डिंगमध्ये परत येताहेत.

"लोड जास्त," इंजिनिअर म्हणाले.

वहिनी उतरल्या. कपडे झटकले. "राहू दे," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन वर गेल्या. त्या काही बोलल्या असत्या, चिडल्या असत्या, तर भाऊंना बरं वाटलं असतं. दुपारी त्यांनी भांडी दोनदा धुतली.

सोमवारी भाऊ मागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. अकाउंटंटनी गाडी थांबवली, दार उघडलं.

"झाला व्यायाम?"

"झाला," भाऊ म्हणाले.

तेव्हापासून सायकल दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी होती. आधी तिच्या हँडलवर एक टॉवेल वाळत पडला. मग मोजे आले. माणसाचा अपमान किती दिवस डोळ्यांसमोर उभा राहावा याला काही मर्यादा असते, पण त्यांचा घरातून बाहेर पडायचा रस्ताच तिच्या अंगावरून होता. रोज सकाळी तिच्या पायडलला भाऊंची नडगी लागायची.

असाच एक रविवार. भाऊ पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले होते. वहिनी म्हणाल्या, "मी एकदा बसून बघू का हिच्यावर?"

"तू?" भाऊ उठून बसले. "अगं, वजनदार आहे ती. झेपायची नाही तुला."

"इथेच एक चक्कर मारते फाटकापर्यंत."

भाऊ बरोबर खाली गेले. जाता जाता त्यांनी सगळं नीट समजावलं. ब्रेक कुठला, बटण किती दाबायचं, वळताना शरीराचा तोल कसा ठेवायचा. वहिनी हो हो म्हणत होत्या. मग त्या बसल्या, बटण दाबलं, आणि भाऊंचं वाक्य अर्ध्यावर असताना फाटकातला तो उंचवटा ओलांडून दिसेनाशा झाल्या.

भाऊ उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इंजिनिअर खाली आले. "किती कांड्या होत्या?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरी आले. भाऊंनी वहिनींना फोन लावला, तर तो वर टेबलावर, चार्जरच्या शेजारी वाजत होता. खालपर्यंत ऐकू येत होता.

"ब्रेकचं रबर दुसऱ्यांदा नीट बसवलं होतं ना आपण?" इंजिनिअर हळूच म्हणाले.

"मला तो व्हिडिओ आठवतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"आठवू नका," भाऊ म्हणाले.

तास झाला. त्यांनी पायीच कोपऱ्यापर्यंत जाऊन बघितलं, पुन्हा परत आले, पुन्हा गेले. भाऊंना एकेक दिसू लागलं. तीन नट असलेली ती डबी. रस्त्यावर येणारी ती भरधाव वाहनं. आणि फाटकापाशी पिशवी घेऊन उतरणाऱ्या, काही न बोलणाऱ्या वहिनी. शेवटी ज्याचा आवाज त्यांना रविवारी तरी नको असायचा त्यालाच त्यांनी फोन केला.

अकाउंटंट घरच्या चपलांवर आले. काही विचारलं नाही. "बसा," एवढंच म्हणाले. गाडी हळू चालवत, तुम्ही डावीकडे बघा, मी उजवीकडे बघतो, असं हाताने सांगून ते निघाले. बाग बघितली, मंडई बघितली, एका दवाखान्यासमोर दोघांनीही एकमेकांकडे न बघता मान वळवली आणि पुढे गेले. अकाउंटंट एक अक्षर बोलत नव्हते. ज्या शांततेसाठी भाऊंनी एवढा खटाटोप केला होता ती आता गाडीभर होती आणि तिने जीव गुदमरत होता. हा माणूस काहीतरी बोलेल तर बरं, असं भाऊंना वाटलं.

"आमची लेक एकदा अशीच वेळेवर आली नव्हती," अकाउंटंट अचानक म्हणाले. "कॉलेजात असताना. याच गाडीतून रात्रभर फिरलो होतो. मैत्रिणीकडे झोपली होती." त्यांनी गिअर बदलला. "आता उशीर करते की नाही, तेही कळत नाही. कळवते ती त्याला. बरोबरच आहे म्हणा."

भाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि काचेवरचा एक डाग पुसला. काच आतून खरंच मळली होती.

गाडी मोठ्या चढाला लागली. आणि वरून, वारा खात, केस अस्ताव्यस्त, दोन्ही पाय मजेत पुढे धरून वहिनी खाली येत होत्या.

गाडी थांबली. सायकलही थांबली. ब्रेक उत्तम लागला.

"अहो, तुम्ही इकडे कुठे?" वहिनींनी विचारलं.

भाऊंनी काचेतून डोकं बाहेर काढलं. "तू... कुठे..."

"ताईकडे गेले होते. आधी नुसतं कोपऱ्यापर्यंत जायचं होतं, मग म्हटलं, जरा पुढे. मग म्हटलं, आता इतकं आलेय तर. ती दारातच रडली हो मला बघून. मग मी पण बसले. चहा केला तिला."

"आणि चढ?" भाऊंनी विचारलं. "हा चढ कसा चढलीस?"

वहिनींनी मागे वळून बघितलं. "कुठला चढ?"

भाऊ गाडीतून उतरले आणि त्यांनी हँडलवरच्या पडद्यात डोकावून बघितलं. तीन कांड्या होत्या. तीन कांड्या पेटलेल्या कशा दिसतात ते भाऊंनी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

"काळजी केलीत का?" वहिनी जरा खालच्या आवाजात म्हणाल्या.

"छे," भाऊ म्हणाले. अकाउंटंट आपल्या घरच्या चपलांकडे बघत राहिले.

परतताना वहिनी पुढे आणि गाडी मागे. मंडईच्या चौकात घराकडे डावीकडे वळायचं असतं. वहिनींनी हात काढला तो उजवीकडे. एकदा मागे वळून, "येते हं!" असं ओरडल्या आणि गर्दीत शिरल्या.

"आता?" अकाउंटंटनी विचारलं. "जाऊ का मागे?"

भाऊंनी बराच वेळ उजवीकडे बघितलं. "नको. घरी चला. पाय गेले माझे."

बिल्डिंगच्या पायऱ्यांवर सगळे बसून होते. अकाउंटंट गाडी लावायला मागे गेले आणि भाऊ एकटेच, खांदे पाडून, फाटकातून आत आले. इंजिनिअर पुढे झाले.

"वहिनी?"

"गेली," भाऊ म्हणाले. त्यांच्यात याहून जास्त बोलायचं त्राण नव्हतं.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. इंजिनिअरनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "कधी?"

"आत्ताच. आमच्या डोळ्यांदेखत."

"बॅटरी?"

"छे हो. बॅटरी भरपूर होती."

"अहो, बाजाराकडे गेल्या त्या!" मागून धावत येत अकाउंटंट ओरडले. "हसत गेल्या!"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक-दोघांच्या चेहऱ्यावर थोडी निराशाही दिसली, पण ती त्यांनी लगेच आवरली. सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा लावला, घसा साफ केला आणि म्हणाले, "मग भाऊ, ती सायकल आता तुमची धरायची की वहिनींची? म्हणजे, जागेचं बघायचं तर मला माहीत असायला हवं."

"तिची," भाऊ म्हणाले.

ते लिफ्टसाठी न थांबता जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावरच दम लागला, म्हणून तिथे पायरीवर बसले. जिन्याच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. बाहेरून कुठली तरी सायकल गेली की ते मान वर करून बघायचे. ती वहिनींची नसायची. बराच वेळ गेला तरी ती आली नव्हती. भाऊ बसून राहिले. आता मनात काळजीचा लवलेश नव्हता. ती कुठेतरी एखाद्या सपाट रस्त्यावरून, वारा पाठीवर घेऊन, मजेत चालली असेल, एवढंच त्यांच्या मनात येत होतं, आणि भाऊंना आपल्या बायकोचा मनापासून हेवा वाटत होता.